यल्लप्पाचे घंगाळ

माणगंगेच्या काठी एका वस्तीत यल्लप्पा नावाचा डुकरे पाळणारा राहत होता. माणूस हौशी, हाताचा सढळ, पण भारी उतावीळ. त्याच्या डुकरिणीची गेल्या खेपेची सगळी पिले दूध तोडल्यावर खंगून मेली होती. या खेपेला काही कमी पडू द्यायचे नाही, असे त्याने ठरवले होते.

दूध तोडायची वेळ आली. आईला जुन्या खोपटात ठेवून त्याने पिलांना नव्या कोऱ्या खोपटात नेले. घरातले तांब्याचे घंगाळ काढून मक्याच्या भरड्याने काठोकाठ भरले. पिले मात्र कोपऱ्यात एकमेकांवर चढून कुईकुई करत बसली. एक दांडगे पिलू तेवढे घंगाळात उतरले, पोट फुटेस्तोवर खाल्ले आणि हगवणीने आडवे झाले. बाकीची उपाशीच.

यल्लप्पाने दृष्ट काढली. भरड्यात गूळ कालवला. शेवटी चिडला, "राजावानी ताट वाढलंय, तरी त्वांड फिरवत्यात!"

त्याची बायको निलव्वा म्हणाली, "आवं, आईपाशी ती कशी पीत हुती, कवा बगितलंय का?"

"त्यात काय बगायचं?" तो म्हणाला खरा, पण प्रश्न डोक्यातून जाईना. शेजाऱ्याची डुकरीण नुकतीच व्यायली होती. यल्लप्पा तिच्यापुढे जाऊन उकिडवा बसला.

आणि काय नवल! डुकरीण आडवी झाली, हुं हुं करून हाक घातली. पिले धावली, आपापल्या ठरलेल्या जागी ओळीने लागली, सगळी एकदमच प्यायली आणि लगेच झोपली. थोड्या वेळाने पुन्हा हाक, पुन्हा तीच ओळ. डुकरांतच जन्म गेला, तरी त्याने हे कधी पाहिले नव्हते.

तो घरी पळाला. पिलांना त्यांच्या ओळखीच्या जुन्या खोपटात आणले, आईला दूर नेले. घंगाळाऐवजी पत्र्याची लांब पन्हळ मांडली, तीत भरड्याची पातळ पेज थोडीशीच ओतली. मग एवढ्या मोठ्या मिशांचा यल्लप्पा गुडघे टेकून घुरघुरला, "हुं हुं हुं!" वस्ती खो खो हसली.

पिलांनी कान टवकारले. धावत आली आणि पन्हळीला ओळीने लागली. आजारी पिलू लटपटत शेवटी आले, त्यालाही जागा होती. यल्लप्पाच्या डोळ्यांना धार लागली, पण हुं हुं काही त्याने थांबवले नाही.

तात्पर्य: देण्याआधी घेणाऱ्याची रीत जवळ बसून पाहावी; नाहीतर भरल्या ताटापुढेही तो उपाशीच राहतो.