शंखपूरचे डोळे

एका राज्यात, जिथं डोंगर संपतो अन् खारं पाणी सुरू होतं तिथं, शंखपूर नावाचं बंदर होतं. राजा सुरंगदेव मनाचा बरा, पण सोनं दिसलं की लोण्यासारखा विरघळे. जटासेन जादूगाराला हे ठाऊक होतं, आणि बंदरावर त्याचा डोळा होता. त्यानं सोन्याच्या चौकटीतलं एक चित्र नजराणा म्हणून धाडलं. राजानं ते दरबारात टांगलं. झालं, घात झाला!

चित्रात शंखपूरच होतं. समुद्रात जटासेनाचं आरमार, तोफांचा धूर, जळती कौलं, पळणारी माणसं, आणि बुरुजावर निपचित पडलेला रायाजी गोलंदाज. टांगल्या दिवसापासून चित्रातलं एकेक खरं होऊ लागलं. समुद्रावरून गोळे येत, पण गलबतं कुणाला दिसेनात. तोफ डागायची तरी कुणावर? राजानं चिडून चित्राचा कोपरा जाळला, तर गावातली मासळीबाजाराची आळी पेटली. मग त्याला हात लावायची कुणाची छाती होईना.

रायाजीची बायको भिवरा ही चितारीण. ती परगावी देवीच्या मूर्तींचे डोळे आखायला गेली होती, म्हणून जटासेनाच्या चित्रातून तेवढी सुटली. परतली तर तिला वेशीवरूनच सारं आरमार दिसलं.

"अगं बाई! एवढी गलबतं पुढ्यात, आणि तुम्ही चाचपडताय काय?" असं म्हणत ती तडक दरबारात गेली. चित्राला नाक लावून तिनं पाहिलं आणि खदखदून हसली.

"चितारणी, हसतेस?" राजा म्हणाला. "पुनवेच्या भरतीला तुझा नवरा मरणार, असं इथं चौकटीवर लिहिलंय."

"चित्र पुरं झालं तर ना, महाराज! गलबतांच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, डोळे काढलेत, माणसांना एकालाही नाहीत. आम्हा चिताऱ्यांत डोळे शेवटी काढतात, त्याला डोळे उघडणं म्हणतात, आणि जो उघडतो त्याचं चित्र. या दीडशहाण्याला आमची माणसं डोळे काढायच्या लायकीची वाटली नाहीत. तिथंच फसला मेला!"

दरबाराच्या खिडकीबाहेर तटावर एक म्हातारा समुद्रगरुड बसला होता. तो बोलला, "बाई, साधा रंग यावर टिकायचा नाही. डाकिणीच्या बेटावरचा डिंक हवा, शत्रूच्या दिव्याची काजळी हवी, आणि कुंचल्याला जटासेनाच्याच दाढीचे केस."

"पाठीवर घेता का, आजोबा?"

"हाडं कुरकुरतात. पण बस."

बेटावर डाकीण झाडाला टेकून बसली होती. म्हणाली, "डिंक नेतेस? तुझ्या केसांचा काळा रंग दे." भिवरा म्हणाली, "घे. पिकायचेच होते." तिचं डोकं तिथल्या तिथं पांढरंफटक झालं.

मग गरुडानं तिला जटासेनाच्या गलबतावर उतरवलं. चित्रात नसलेलं माणूस त्याच्या शिपायांना दिसेना. तिनं त्यांच्या नाकासमोर दिव्याची काजळी पुसून घेतली. जटासेनाला ती दिसली असती, पण तो जेवून लवंडला होता. तिनं दाढीला हिसका दिला तसा बोंबलत उठला.

"कोण तू?"

"शंखपूरची चितारीण. उरलेली दाढी सांभाळ!"

ती परतली तेव्हा पुनवेची भरती चढत होती. संतापलेल्या जटासेनानं साऱ्या तोफा एकदम सोडल्या. वाडा हादरला, कौलं खाली आली. भिवरानं चित्रासमोर मांडी घातली आणि डोळे उघडायला सुरुवात केली. कोळणींचे उघडले, होड्या हाकणाऱ्या तांडेलांचे उघडले, पहारेकऱ्यांचे उघडले, आणि बाहेर एकच ओरडा झाला, "दिसली! गलबतं दिसली!" पळणारी माणसं वळली. कोळणी दारूगोळ्याच्या पाट्या डोईवर घेऊन बुरूज चढू लागल्या.

एवढ्यात शिपाई धावत आला. "महाराज, रायाजी पडला. निशाणाखाली. हालत नाही."

भिवरानं वाटी पुढं ओढली. वाटीत एका जोडीपुरती काजळी उरली होती. तिनं कुंचला बुडवला.

राजानं तिचा हात धरला. "मुली, मेलेल्याचे डोळे उघडू नयेत. तुमच्याच घराण्याचा नेम आहे."

"मेला असं कुणी ठरवलं? त्या दाढीवाल्यानं?" भिवराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज खणखणीत होता. "त्यानं काय वाट्टेल ते रंगवलं असेल. चित्र आता माझं आहे, आणि माझ्या चित्रात हा माणूस उठतो. हात सोडा!"

राजानं हात सोडला. तिनं एक डोळा काढला, मग दुसरा.

बुरुजावर रायाजीनं डोळे उघडले. समोर गलबतं बघून म्हणाला, "अस्सं! इथं आहात होय!" आणि तोफेला बत्ती दिली. जटासेनाचं गलबत मधोमध फुटलं. जटासेन धूर होऊन वर गेला आणि वाऱ्यानं पांगला. बाकीची गलबतं शेपूट घालून पळाली. चित्रातला समुद्र रिकामा झाला, कौलं पुन्हा छपरांवर बसली. राजानं सोन्याची चौकट स्वतःच्या हातानं उचकटून पाण्यात फेकली.

संध्याकाळी रायाजी काळामिट्ट होऊन दरबारात आला. बायकोच्या पांढऱ्या केसांकडे बघतच राहिला. आणि सगळ्यांना दिसलं, त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा झाला होता.

"गावभर डोळे काढलेस, सगळ्यांचे कसे नीट," तो म्हणाला. "माझ्याच वेळी हात थरथर कापला होय गं?"

"कापला," भिवरा म्हणाली. "तुमच्याच वेळी कापला."