एक लाख तीनचा जप

"पण महाराज, हीच संख्या का? एक लाख तीनच का?"

निरंजनबुवा मठाच्या स्वयंपाकघरात विळीवर दुधी चिरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

यज्ञेश्वर चुलीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होता. कॉलेजातली गणिताची नोकरी सोडून हा गडी दीक्षेसाठी मठात आला, त्याला तीन वर्षं झाली होती. बुवांची अट एकच होती. एक लाख तीन वेळा नाम घ्यायचं, आणि जप बरोबर मेरुमण्याशी संपवायचा. म्हणजे माळ जिथून सुरू होते त्या मोठ्या मण्याशी. मग दीक्षा.

दाराशी त्याची पिशवी भरून ठेवलेली होती. दुपारच्या एसटीने तो कायमचा जाणार होता. त्याला खरं तर रडू येत होतं, पण पठ्ठ्या चिडून बोलत होता.

"एकशे आठच्या माळेवर केला. नऊशे पंचवीस माळा झाल्या, शेवटच्या माळेत पाच मणी उरले. मग सात मण्यांची माळ ओवली. तेराची, एकतीसची... शेवट मध्येच! हल्ली तर जपाला बसण्याआधीच भागाकार करून बघतो. उगाच मेहनत फुकट नको."

"मग जपाला बसला होतास कधी?"

"दोन वर्षं झाली असतील..." तो पुन्हा येरझाऱ्या घालू लागला. "पण दोष माझा नाही, महाराज. मूळ संख्या आहे ती! तिला भागच जात नाही. तीनशे सोळापर्यंत सगळं तपासलं."

"पुढे?"

"पुढे गरज नाही. पुढचा भाजक असता, तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडला असता." एवढं सांगताना त्याची मान जरा ताठ झाली.

"सुरुवात कुठून केलीस?"

"दोनपासून."

"त्याच्या आधी?"

यज्ञेश्वर हसला. "एक? एकाने कशालाही भाग जातो, महाराज. तो कुणी धरत नाही."

बुवांनी हात पुढे केला. यज्ञेश्वरने गळ्यातली माळ काढून दिली. बुवांनी तिचा दोरा विळीच्या पात्याला लावला...

मणी दुधीच्या फोडींत, चुलीखाली, पार उंबऱ्यापर्यंत घरंगळले. यज्ञेश्वर गुडघ्यांवर बसून ते गोळा करू लागला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं. सगळे मणी खाली पडू दिले. मग एकच मणी उचलून त्याच्या तळव्यावर ठेवला.

"घे नाम."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. यज्ञेश्वर दाराकडे बघत राहिला. मग मण्याकडे...

"किती वेळा, महाराज?"

बुवा पुन्हा दुधी चिरू लागले होते.

"आधी एकदा तर होऊ दे."