तोगावाच्या दाराबाहेरचा अंगरखा

तोगावाची गढी आता पडली आहे. तट ढासळले, माथ्यावर देवदार माजले. उभे आहे ते एवढे दार. त्याला बाहेरच्या अंगाने कडी नाही, कोयंडा नाही. जपानच्या उत्तरेकडचा हा डोंगर चढून आलेले पाहुणे दारावर हात फिरवून पाहतात, तेव्हा राखणदार म्हातारी तोकू सांगते, की हे दार उघडायचे ते आतूनच, आणि आतल्या माणसाच्या मनात असेल तरच.

फार पूर्वी कागेतादा नावाचा सामुराई आपल्या धन्याच्या वतीने इथला किल्लेदार होता. शेजारच्या खोऱ्यातला सरदार चालून आला, तसा कागेतादा होती ती माणसे घेऊन त्याला नदीवर अडवायला निघाला. गढीत उरली बायका, पोरे आणि म्हातारे. निघताना त्याने बायकोला, शिनोला, दाराशी बोलावले.

"परत येईन तेव्हा दोन्ही हात वर करीन. हात वर नसले, तर माझ्या हाकेवरही दार उघडू नकोस. शब्द दे."

शिनोने शब्द दिला. सामुराईच्या घरात दिलेला शब्द परत घेता येत नसे.

संध्याकाळी धुके उतरले आणि दारावर हाक आली. शिनोने फटीतून पाहिले. कागेतादा एकटाच उभा होता. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, गुडघ्यातून रक्त वाहत होते. अंगावर कुणाचा तरी झगा टाकलेला होता, त्याखाली हात दिसत नव्हते.

"हात वर करा," ती म्हणाली.

"शिनो, दार उघड."

"आधी हात वर करा हो."

"थंडी वाजतेय गं. उघड."

त्या आवाजात खोटे काही नव्हते. त्याचे दात खरेच वाजत होते. एवढ्यात सासू धावत आली आणि अडसराला झोंबली. "माझा लेक दारात मरतोय, आणि तू त्याला हात कसले दाखवायला सांगतेस?" शिनोने अडसरावर अंग टाकले. सासूचे गुद्दे पाठीत बसत होते, तरी ती म्हणे तसूभर हलली नाही. अंगणात कुणाचे तरी तान्हे मूल रडत होते. त्या रडण्यानेच तिला धीर दिला, असे सांगतात.

"गढीच्या किल्लेदाराला शब्द दिलाय मी," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "तुम्हालाच दिलाय. मला तो मोडता येत नाही."

मग कागेतादा सगळा जीव एकवटून ओरडला, "बांबूच्या बनात माणसं दडलीत! दार धरून ठेवा!"

पाठोपाठ बाण सुटल्याचा आवाज आला.

शत्रूने धडकांवर धडका दिल्या, पण दार टिकले. उजाडताना धन्याची फौज घाट चढून आली आणि शत्रू पळाला. शिनो सगळ्यांच्या आधी बाहेर गेली. कागेतादाचे हात पाठीमागे बांधलेले होते. तिने दोर कापला, आपला कापूस भरलेला अंगरखा काढून त्याच्या अंगावर घातला, आणि मग रडली. सासू येऊन तिच्याशेजारी बसली.

पुढे धन्याचा कारभारी तिच्याकडे आला. "दार उघड, असं कागेतादा एकदाही म्हणाले नाहीत, असंच आपण लोकांना सांगू. सामुराईला तेच शोभतं."

"म्हणाले ते," शिनो म्हणाली. "थंडी वाजत होती त्यांना. आणि तरीही ते ओरडले. सांगायचं तर सगळं सांगा."

आजही शरदातल्या त्या दिवशी गावातल्या सासवा-सुना मिळून एक नवा अंगरखा शिवतात आणि संध्याकाळी दाराबाहेर ठेवतात. तो देवासाठी नसतो, पितरांसाठीही नसतो. ज्याला थंडी वाजत असेल, त्याने न्यावा. सकाळी तो तिथे नसतो. कोणी नेला, हे गावात कुणी विचारत नाही.