निळीचा माग

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाच्या उशाला एक तळं. तळं दिसायला देखणं, पण गुण फाटक्या पिशवीचा. पावसात काठोकाठ भरायचं आणि होळी येईतो तळाला जायचं. बांधाखालच्या लव्हाळ्यात एक झरा वाहायचा, त्यावरून तळं गळतंय एवढं सगळ्यांना कळत होतं. कुठं, ते मात्र कुणालाच नाही.

त्या वर्षी दिवाळी सरता सरताच पाणी निम्म्यावर आलं. पाटील शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. शाळा म्हणजे काय, तर एक पंतोजी, एक ओटा आणि पाढे ओरडणारी मूठभर पोरं. पण पंतोजींच्या शब्दाला गावात मोल होतं.

"पंतोजी," पाटील म्हणाले, "यंदा गळती सापडली नाही तर गाव उठवावं लागेल. तुम्ही नुसतं बोट दाखवा, उद्या तिथं पहारी घालतो."

पंतोजींचं बोट शिवशिवलं. त्यांच्या मते उत्तर उघड होतं. झरा बांधातल्या, पाणी सोडायच्या दगडी मोरीच्या बरोबर खाली निघतो, मोरीच्या दगडांवर बारमाही शेवाळ. आणखी काय पुरावा हवा? पण शेजारी पोरं 'एकोणीस सत्ते' घोकत होती. पंतोजींच्या मनात आलं, एवढे पाढे येतात यांना, पण आपण पितो ते पाणी जातं कुठं, हे ठाऊक नाही. आज मी दाखवीन. मी गेल्यावर कोण दाखवील?

"पौर्णिमेपर्यंत थांबा," ते म्हणाले. "माझी पोरं शोधतील."

पाटील खो खो हसले. "ही? यांना स्वतःचं नाक पुसता येत नाही! बरं, थांबतो. पण नाही सापडली तर शाळा बंद. सगळी पोरं दगड वाहायला."

दुसऱ्या दिवशी पंतोजींनी पोरांना बांधावर नेलं. "हे तळं, तो झरा. मधली वाट शोधा, सगळ्यांनी मिळून." एवढं बोलून त्यांनी सुपारीचं भलंमोठं खांड तोंडात टाकलं, म्हणजे शब्द बाहेर पडायला जागाच नको. भाव ठाऊक असून गप्प बसणं व्यापाऱ्यालाही जड जातं, मग शिकवणाऱ्याची काय कथा!

पोरं आधी भांडली. मग रंगाऱ्याची मुलगी म्हणाली, "पाण्यात रंग टाकू. जिथं गळतंय तिथला रंग झऱ्याला येईल."

युक्ती इतकी आवडली की पुढचं ऐकायला कुणी थांबलंच नाही. गवळ्याच्या पोरानं हळद आणली, कुंभाराच्यानं गेरू, लोहाराच्यानं कोळशाची पूड. "माझा पहिला!" "हट्, माझा!" करत सगळ्यांनी सगळीकडे एकदमच उधळलं. झऱ्याला आलं ते म्हैस डुंबून गेल्यासारखं पाणी.

कळशा घेऊन आलेल्या बायका खवळल्या. "अगं बाई, हे प्यायचं? पंतोजी, पोरं शिकवताय की पाणी नासवताय?"

मुलगी रडवेली झाली. "तुम्हाला ठाऊक आहे ना, पंतोजी? सांगा की!"

पंतोजींनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "सकाळी तुम्ही सगळी एकदम ओरडत होता. मला कुणाचं ऐकू आलं असेल?"

"कुणाचंच नाही."

"मग झऱ्याला तरी वेगळं कसं कळावं?"

मुलीचे डोळे लकाकले.

पोरांनी बांध वाटून घेतला. एका वेळी एकच जागा, एकच रंग. निम्मी पोरं वर, निम्मी झऱ्यावर. खालून "नाही!" अशी हाक आली आणि पाणी नितळ दिसलं, की मगच पुढचा रंग. मोरीजवळची मानाची जागा कुंभाराच्या पोराला मिळाली. जिची युक्ती, तिनं मात्र नीळ घेऊन पार शेवटचा, कुणाला नको असलेला कोपरा घेतला. वठून गेलेल्या उंबराच्या बुंध्याजवळचा.

मोरीवर गेरू पडला तेव्हा पंतोजी झऱ्यावर ओणवे झाले. आता येईल तांबडं. बराच वेळ गेला. पाणी आरशासारखं निर्मळ. "नाही!" पोरं ओरडली, आणि पंतोजींचं चघळणं थांबलं.

पौर्णिमेच्या दिवशी एकटी नीळ उरली. सारा गाव झऱ्यावर जमला. वर मुलीनं नीळ सोडली. सावल्या लांबल्या, काही दिसेना. पोरांच्या रंगावर भरवसा नसलेल्या पाटलांनी कंटाळून ती शेवाळलेली मोरीच फोडायला पहार उचलली.

आणि लव्हाळ्याच्या मुळाशी एक निळा धागा हलला.

बघता बघता त्याची दोरी झाली, दोरीचा पदर झाला, आणि सगळा झरा मोरपिसासारखा निळा होऊन वाहू लागला. बायकांच्या कळशा कमरेवरच राहिल्या. पाटलांनी पागोटं काढून हातात घेतलं. कुजलेल्या उंबराच्या मुळांची पोकळी धरून पाणी बांधाच्या पोटातून आडवं चालत होतं, पिढ्यान्‌पिढ्या, कुणाच्याही डोळ्याला न दिसता. आज ते पोरांच्या हाकेला ओ देऊन उजेडात आलं होतं.

पंतोजींनी सुपारी थुंकली. "पाटील, मी मोरी म्हणणार होतो."

पाटलांनी हातातल्या पहारीकडे पाहिलं. मोरी फोडली असती तर होतं तेवढंही पाणी एका दिवसात वाहून गेलं असतं. त्यांनी पहार हळूच गवतात ठेवली.

पंतोजींनी आधी तळ्याला हात जोडले, मग पोरांना. "पंतोजी, आम्हाला कसले हात जोडता?" पोरं लाजली.

बुंधा उकरून पोरांनी त्या पोकळीत चिकणमाती आणि पेंढा भरून नाचत नाचत तुडवला. होळी आली तरी तळ्यात आभाळ मावत होतं. तेव्हापासून दर दिवाळीनंतर तिथली पोरं चिमूटभर नीळ त्या कोपऱ्यात सोडतात, आणि सारा गाव झऱ्याशी उभा राहतो. उरलासुरला पाझर नितळ आला की गूळ वाटतात.

तात्पर्य एवढंच: शिकवणाऱ्यानं आपलं उत्तर पदराच्या गाठीला बांधून ठेवावं आणि पोरांना मिळून प्रश्नाच्या काठावर उभं करावं. उत्तर खरं असेल तर गाठीतून कुठं जात नाही. आणि चुकीचं असेल, तर गाव वाचतं.