मधलं वाजवणं

“मग तिघांत मोठा कोण, मास्तर? आज सांगाच!”

श्रीरंगने क्लॅरिनेटची पेटी ओसरीवर आपटली. पोरगा हाताचा गुणी, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. न्यू ऑर्लिन्सचे तीन जुने जॅझवाले त्याने वर्षभर घोटले होते. तिघांचीही फुंक हुबेहूब काढायचा.

“एकाचा खालचा सूर ओल्या लाकडासारखा जड. दुसरा वरच्या पट्टीत नुसता बागडतो. तिसरा तर रडवतो. पण पुढच्या गाण्यांवर छाप कोणाची पडली?”

साल्वादोर मास्तर फणसाचे गरे काढत होते. मुंबईच्या स्टुडिओंत हयात घालवून म्हातारपणी वेंगुर्ल्याला परतलेला हा माणूस.

“गरा खा एक.”

“गरा नको, उत्तर हवं! लोकांना गाणारी आठवते. फुंकणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. काही उरणारच नसेल तर फुंकायचं कशाला? ज्याची छाप उरली त्याच्याच वाटेने जाईन. नाहीतर ही पेटी आजच माळ्यावर!”

या पोरावर मास्तरांचा भारी जीव. पेटी माळ्यावर म्हटल्यावर त्यांनी हातातला गरा खाली ठेवला.

कुंपणापलीकडे कुसुममावशी आमसुलं वाळत घालत होती. तोंडाने सिनेमातलं जुनं गाणं चाललेलं. ओळ संपली, आणि आपल्याकडे सगळेच करतात तेच तिने केलं. मधलं वाजवणंही तोंडानेच भरून काढलं.

“टि-रि-रि-रीऽ टूऽऽ…”

मग पुढची ओळ धरली.

मास्तरांनी बोट वर केलं. “ऐकलंस?”

“हे तर क्लॅरिनेटचं! वाजवलंय कोणी?”

“मी.”

“तुम्ही?” श्रीरंग पुढे सरकला.

“माझं तरी कुठलं म्हणा! चोरबाजारात एक अमेरिकन तबकडी मिळाली होती, तिच्यावरून उचललं.”

“तिघांपैकी कोणाची?”

“देव जाणे. वरचा कागद निघून गेला होता रे.”

श्रीरंगला कुठलं राहवतंय! धावला कुंपणाशी. “मावशी, ते मधलं टिरीरी कोणाचं गं?”

“कोणाचं म्हणजे? गाण्याचंच की! काहीतरीच विचारतोस मेल्या!”

मावशी हसली आणि पुन्हा आमसुलांकडे वळली. इकडे मास्तरांचा चेहरा असा फुलला, की श्रीरंगने तो तसा कधी पाहिला नव्हता.

तो तसाच धावत परत आला. “अहो, सांगू द्या ना तिला! तुमचं आहे ते!”

मास्तरांनी सदरा धरून त्याला शेजारी बसवलं.

मावशी दुसऱ्या कडव्याला लागली होती. श्रीरंग थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्याने पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं, फुंकायची वेताची पत्ती जिभेवर ओली केली. आता ओळ संपणार…

“हळू फुंक रे,” मास्तर कुजबुजले. “ऐकू गेलं तर लाजेल ती, आणि गायची थांबेल.”