हीटरपर्यंत पोचलेले व्होल्ट

११ जानेवारी. पहाटेपासून दाट धुके. नऊ वाजले तरी ऊन नाही.

त्या सकाळी एक वृद्ध वायरमन आपल्या शिष्येला घेऊन एका मळ्यावर गेला. मळ्यातल्या बाईने यंदा अंडी उबवायची खोली घरातून हलवून अंगणापलीकडच्या शेडमध्ये नेली होती. आत आठशे अंडी होती, पिल्ले बाहेर पडायला चार दिवस उरले होते. ऊब साडेसदतीस अंश हवी. थंडी वाढली तसा तापमापकाचा काटा पस्तिसावर उतरून बसला होता. आजचा दिवस असाच गेला तर पिल्ले कवचातच राहतील, असे बाई दोनदा म्हणाली.

म्हातारा बाजेवर बसला आणि त्याने काम शिष्येवर सोपवले. तिने घरातल्या बोर्डावर दाब मोजला : २३० व्होल्ट. शेडमध्ये हीटर चालू करून प्रवाह मोजला : ४ अँपिअर. दाबाला प्रवाहाने भागले. रोध आला साडेसत्तावन्न ओहम. हीटरच्या पट्टीवर मात्र ४६ ओहम, ११५० वॅट असे कोरले होते. कॉइल झिजली, रोध वाढला, असे तिने ठरवले. चार वेढे कापले की रोध उतरेल, प्रवाह वाढेल. तिने पकड उचलली.

म्हाताऱ्याने वहीतला भागाकार पाहिला. तो चोख होता. मग त्याने तिच्या हातातली पकड काढून स्वतःच्या खिशात टाकली, हीटर चालूच ठेवला आणि शेडला वीज आणणाऱ्या वायरीवरून तळहात फिरवत घराच्या दिशेने चालू लागला.

"तात्या, हीटर इकडं आहे," बाई म्हणाली. "तिकडं अंगणात फक्त म्हशी."

तो हसला आणि त्याने शिष्येला जवळ बोलावले. कुंपणाच्या तारेवर दंवाचे थेंब लोंबत होते. शेजारची वायर कोरडी होती. तिने हात लावला. वायर कोमट लागली. लग्नातल्या रोषणाईची ती बारीक वायर, साठ मीटर लांब.

ती शेडमध्ये परतली. चालू हीटरच्या दोन टोकांवर तिने मीटर धरला. १८४ व्होल्ट. चाराने भागले : ४६ ओहम. चाराने गुणले : ७३६ वॅट.

"चुकले, तात्या."

"अजून कापलं नाहीस ना, मग झालं," म्हातारा म्हणाला. "दाब घरात मोजलास, प्रवाह इथं, आणि दोघांचं गणित एकत्र मांडलंस. ज्याची परीक्षा घ्यायची, त्याच्याच दोन टोकांवर, तो राबत असताना मोजावं. छेचाळीस व्होल्ट वाटेतच संपत होते. त्यांनी अंगण तापवलं. कॉइल आखूड केली असतीस, तर जास्त प्रवाह ओढून ही वायरच वितळली असती. आधी त्याच्यापर्यंत किती पोचतं ते बघ, पोरी. मग त्याला कमी म्हण."

शिष्येने वहीतला पहिला आकडा खोडला नाही. त्यापुढे फक्त 'घरात' असे लिहिले.

दुपारी दोघांनी जाड केबल ओढली. हीटरपाशी २२५ व्होल्ट, ४.९ अँपिअर, रोध ४५.९ ओहम, शक्ती ११०२.५ वॅट. चार वाजता काटा साडेसदतीसवर आला.

१५ जानेवारीला आठशे अंड्यांतून सहाशे त्रेचाळीस पिल्ले बाहेर पडली.