हुकलेला पाचवा बदाम

जिमखान्यातल्या पोकरच्या टेबलावर द्वारकाकाकू एकट्याच बाई, आणि तेच अध्यक्ष दाजीसाहेबांना खुपायचं. म्हणून त्यांनी नियमच काढला: वेड्यासारखा डाव खेळेल त्याची खुर्ची गेली!

त्या दुपारी काकूंकडे चार बदाम जमले होते. पाचवा आला की डाव त्यांचा, आणि एकच पान उघडायचं राहिलेलं. मध्ये पैजेच्या सात चकत्या पडल्या होत्या, डावात टिकायचं तर काकूंना एक टाकायची होती. काकूंनी बेधडक टाकली. पान उघडलं, तर चौकटची दुरी!

"उठा काकू!" दाजीसाहेब खदखदले. "पाचांत एकदा येणाऱ्या पानासाठी कुणी शहाणा चकती घालवतो का?"

"घालवतो की! चारदा एकेक जाते, पाचव्यांदा सात येतात. पण तुम्हाला हा वेडेपणा वाटतो ना? मग हेच चार बदाम घेऊन मी संध्याकाळपर्यंत बसते. दर वेळी तुम्ही सात लावा, मी एक लावते. तुमची तर चंगळच! पिसा पत्ते."

सगळं टेबल दाजीसाहेबांकडे बघायला लागलं. त्यांचे ओठ हिशेब करताना नुसते हलत राहिले. पत्त्यांना काही त्यांनी हात लावला नाही.

"नको म्हणता? मग वेडं कोण खेळलं?" असं म्हणत काकूंनी खुर्ची टेबलाशी आणखी पुढे ओढली.